प्रेक्षकाच्या वाट्याचे नाटक

मंडळाचे नाटक संपले की बाहेरच्या लॉबीत, चहाच्या रांगेत, जी चर्चा सुरू होते तिचे पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते. "कामं छान झाली हो, पण सेट काही विशेष नव्हता." मग कोणीतरी दादरच्या शिवाजी मंदिरात पाहिलेल्या त्याच नाटकाच्या नेपथ्याची आठवण काढते, जिन्यासकट उभ्या केलेल्या दुमजली घराचे वर्णन होते आणि 'इथे काय, चालायचंच' असा एक सुस्कारा सुटतो. नाटक भारतातून आलेले असेल तर सामानाच्या बॅगांत मावेल तेवढेच नेपथ्य येते. नाटक मंडळाचे स्वतःचे असेल तर शनिवारी सकाळी हायस्कूलचे ऑडिटोरियम ताब्यात मिळते आणि रात्री ते झाडून-पुसून परत द्यावे लागते. त्यातच कोणाच्या तरी बेसमेंटमधला सोफा येतो, कोणाची तरी समई येते, आणि रंगीत कार्डबोर्डाची खिडकी जमेल तशी उभी केली जाते.

ही तक्रार समजण्यासारखी आहे. तिकीट काढून, दोन तास गाडी चालवून आलेल्या माणसाला डोळ्यांना काही सुखावणारे दिसावे असे वाटले तर त्याचे काय चुकले? परंतु या तक्रारीच्या मुळाशी एक गृहीत आहे. नाटक म्हणजे रंगमंचावर जे जे मांडलेले असते ते, आणि प्रेक्षक म्हणजे ते नुसते पाहणारा, असे आपण धरून चालतो. हे गृहीत मला तपासून पाहायचे आहे. माझ्या मते नाटकाचा फार मोठा भाग प्रेक्षक स्वतःच्या मनात रचत असतो. या रचनेला नियम असतात, तिला भांडवल लागते आणि तिची जबाबदारीही असते. मायदेशी हा विषय नाट्यशास्त्राच्या वर्गात शोभेल. आपल्याकडे मात्र तो घरातला विषय आहे, कारण इथे वाढलेली आपली मुले उद्या मराठी नाटकाला येऊन बसणार की नाहीत, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरणार आहे.

प्रेक्षक नाटकात नेमके काय करतो, याचे इंग्रजीतले प्रसिद्ध उत्तर कोलरिज या कवीच्या १८१७ सालच्या ग्रंथातून आले. त्याचा आशय असा की वाचक किंवा प्रेक्षक आपला अविश्वास काही काळ आपखुशीने बाजूला ठेवतो. हे उत्तर इतके पाठ झाले आहे की त्यातली उणीव सहसा जाणवत नाही. अविश्वास बाजूला ठेवला म्हणजे विश्वास बसला, असे म्हणायचे का? ऑथेल्लो डेस्डिमोनाचा गळा दाबतो तेव्हा सभागृहातला एकही माणूस पोलिसांना बोलवायला धावत नाही. तो रडतो, पण खुर्ची सोडत नाही. म्हणजे त्याचा विश्वास बसलेला नसतो, तरी त्याला ती हत्या मात्र दिसत असते. शिवाय 'बाजूला ठेवणे' ही निष्क्रिय गोष्ट झाली. चपला दाराबाहेर ठेवाव्यात तशी. प्रत्यक्षात प्रेक्षक आत आल्यावर कामाला लागतो. नट एक गोष्ट दाखवतो, प्रेक्षक तिच्या भोवतीच्या दहा गोष्टी पुरवतो.

आपल्या परंपरेला हे काम फार पूर्वीपासून ठाऊक होते. भरताच्या नाट्यशास्त्रात कक्ष्याविभागाचे विवेचन आहे. एकाच रंगपीठाचे वेगवेगळे भाग वेगवेगळी स्थळे मानायची आणि नटाने रंगमंचावर फेरी घातली की स्थळ बदलले असे समजायचे. आधी प्रवेश केलेली पात्रे घराच्या आत आहेत आणि नंतर येणारी बाहेरून येत आहेत, असाही संकेत तिथे सांगितला आहे. भिंत नाही, दार नाही, तरी आत-बाहेर आहे! कालिदासाचे 'शाकुंतल' याच संकेतांवर उभे आहे. पहिल्या अंकात दुष्यंत हरिणामागे रथ दौडवतो. रथ नाही, घोडे नाहीत, हरीणही नाही. संस्कृत नाटककार नटाला एवढेच सांगतो की वेगाचे 'निरूपण' कर. सातव्या अंकात तर तो इंद्राच्या रथातून आकाशमार्गे खाली उतरतो आणि जमीनच जणू वर उसळून येत आहे असे त्याला दिसते. विमान धावपट्टीकडे झुकताना खिडकीतून जे दिसते ते आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहे. कालिदासाने विमान पाहिले नव्हते, त्याच्या प्रेक्षकांनीही नव्हते. तरी ते दृश्य नटाच्या शब्दांतून आणि अंगविक्षेपांतून उभे राहत असले पाहिजे, नाहीतर एवढ्या मोठ्या नाटककाराने ते लिहिलेच नसते.

राजदरबारच्या नाटकाची गोष्ट सोडा. कोकणातल्या दशावतारात देवळापुढे एक बाकडे मांडले की रंगमंच झाला. त्या बाकड्यावर राजा बसला की ते सिंहासन, कोणी आडवे झाले की तोच पलंग. तमाशाच्या वगात सोंगाड्या दोन पावले चालून एक गिरकी घेतो आणि दुसऱ्या गावात पोचतो. शेक्सपिअरने १५९९च्या सुमारास 'पाचवा हेन्री' लिहिले तेव्हा प्रारंभीच एका निवेदकाला पुढे पाठवून प्रेक्षकांची माफी मागितली: या लाकडी वर्तुळात फ्रान्सची रणभूमी मावणार नाही, तेव्हा उणे असेल ते तुम्हीच मनाने भरून काढा. आमच्या सोंगाड्याला अशी माफी मागावी लागली नाही. त्याला आपल्या प्रेक्षकाची खात्री होती.

मग आपल्याला सेटची एवढी ओढ कुठून लागली? विष्णुदास भाव्यांचे 'सीतास्वयंवर' १८४३ साली सांगलीला झाले तेव्हा त्यांच्यापुढे लोकनाट्याचे नमुने होते. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आले तो काळ रंगवलेल्या पडद्यांचा होता. जंगलाचा पडदा, रस्त्याचा पडदा, महालाचा पडदा. १९३३ साली नाट्यमन्वंतरने 'आंधळ्यांची शाळा' सादर केले आणि दिवाणखाना मराठी रंगमंचावर अवतरला. त्यानंतर कित्येक दशके आपल्या नाटकातल्या कुटुंबांनी त्या दिवाणखान्यातच संसार केला. यात वाईट काही नव्हते. दिवाणखान्याने मराठी नाटकाला घरातल्या माणसांविषयी खऱ्या आवाजात बोलायला शिकवले. परंतु त्याच काळात आपला असा समज झाला की जे खरे दिसते तेच खरे वाटते.

हा समज किती फोल आहे हे दाखवायला बालगंधर्व पुरेसे आहेत. गंधर्व नाटक मंडळीचे नेपथ्य भपकेबाज होते, त्यावर पैसा पाण्यासारखा खर्च होई. तरी रंगमंचावरची सर्वांत मोठी गोष्ट खोटी होती आणि ती प्रत्येकाला माहीत होती: रुक्मिणी हा पुरुष होता. १९१६च्या 'स्वयंवर'मधली रुक्मिणी काय किंवा १९१९च्या 'एकच प्याला'मधली सिंधू काय, प्रेक्षकांनी त्यांच्यावर जीव टाकला. घरंदाज स्त्रियांनी त्यांच्या नेसण्याचे, दागिन्यांचे अनुकरण केले. पुढे वय उतरले, शरीर सुटले, तरी जुन्या रसिकांना त्या देहात रुक्मिणी दिसत राहिली. या रसिकांना कोणी भोळे म्हणू नये. आपण कोणाला पाहत आहोत हे त्यांना पक्के ठाऊक होते. नटाच्या स्वराने आणि लयीने जे सुचवले ते पूर्ण करण्याचे कसब त्यांच्या अंगी होते, एवढेच. म्हणजे भोवती मखमल असो वा गोणपाट, प्रेक्षकाचे काम काही चुकत नाही.

आता हे काम कसे चालते ते आधुनिक मराठी नाटकात जरा जवळून पाहू. पहिले उदाहरण 'घाशीराम कोतवाल'. विजय तेंडुलकरांचे हे नाटक जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात झाले. भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना त्याला लाभली होती. त्यावरून उठलेला वाद सर्वांना आठवतो. मला इथे आठवण करून द्यायची आहे ती त्यातल्या माणसांच्या भिंतीची. ब्राह्मणांच्या वेशातली माणसे एका ओळीत उभी राहतात, झुलतात, गातात. ती पाठमोरी झाली की भिंत होते. तोंड फिरवले की पुण्याचा ब्राह्मणवृंद होतो. भिंत मागचे झाकते, आणि योग्य वेळी फाकून तेच उघडे करते.

ही भिंत लाकडाची केली असती तर ती अधिक खरी दिसली असती, पण नाटक गेले असते. कारण भिंत पाहताना ती माणसांची आहे हे प्रेक्षक क्षणभरही विसरत नाही. त्याच्या मनात दोन्ही गोष्टी एकदम नांदतात, आणि नाटकाचा सगळा अर्थ त्या एकदम असण्यात आहे. सत्तेची पापे दगडविटांनी झाकली जात नाहीत, तोंड फिरवून उभ्या राहिलेल्या प्रतिष्ठित माणसांनी झाकली जातात, हे तेंडुलकरांना कोणत्याही पात्राच्या तोंडून सांगावे लागले नाही. ते प्रेक्षकाने स्वतः जुळवले. स्वतः जुळवलेली गोष्ट ऐकलेल्या गोष्टीपेक्षा खोल जाते, हे आपण घरीही अनुभवतो. १९८० साली थिएटर अकादमीने हे नाटक युरोपात नेले. तिथल्या प्रेक्षकांना मराठी येत नव्हते आणि नाना फडणवीस कोण हेही बहुतेकांना ठाऊक नसणार. भिंत कशी वाचायची ते मात्र कोणी शिकवावे लागत नाही. माणसे पाठ फिरवतात हे सगळ्या मुलखांत सारखेच आहे.

दुसरे उदाहरण अधिक घरगुती आहे आणि थेट आपल्या प्रवासाशी जोडलेले आहे. लक्ष्मण देशपांडे यांचे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'. तेव्हाच्या औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारा हा कलावंत २००९ साली गेला. एकटा माणूस बावन्न पात्रे उभी करत असे आणि मराठवाड्यातल्या खेड्यातले अख्खे वऱ्हाड विमानात बसवत असे. त्याआधी १९६१ पासून पु. ल. देशपांड्यांनी 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगमंचावर उभी केली होती. कीर्तनकाराच्या या देशात एकाने अनेक होण्याचे कोणाला नवल नाही. पण तंत्र पाहण्यासारखे आहे. नट उजवीकडे खाली पाहून बोलला की तिथे एक पोर उभे राहते. पुढच्या क्षणी मान वर करून त्याच पोराच्या आवाजात उत्तर दिले की बाप उभा राहतो. त्या दोन नजरांची उंची प्रेक्षक लक्षात ठेवतो. पुढे नटाने चुकून पोराकडे वर पाहिले, तर प्रेक्षागृहातली चारशे पोरे एकदम नाहीशी होतील. हाच तो नियम. कल्पनेला सामान लागत नाही, सुसंगती लागते.

'वऱ्हाड'चे प्रयोग परदेशातल्या मराठी माणसांना का भावले याचे नेहमीचे उत्तर 'गावाची आठवण' असे दिले जाते. ते अर्धे खरे आहे. ती बोली, तो लग्नघरातला गोंधळ, ते रुसवे-फुगवे ऐकताना आपल्याला आपले काहीतरी आठवते. पण आठवण आणि कल्पना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आठवणीत आपण ओळखीच्या ठिकाणी परत जातो. कल्पनेत कधी न गेलेल्या ठिकाणी जातो. 'वऱ्हाड'ची खरी करामत विमान आले की सुरू होते. कारण आता उलटे घडते. विमान, पट्टा, कस्टम, हे सगळे आपल्याला तोंडपाठ आहे. वऱ्हाडी मंडळींना त्यातले काहीच ठाऊक नाही. हसायचे असेल तर आपल्याला जे माहीत आहे ते माहीत नसल्यासारखे पाहावे लागते. आपण त्या अनोळखी डोळ्यांमागे जाऊन बसतो. त्या क्षणी आपले आईवडील पहिल्यांदा विमानतळावर उतरले तेव्हा त्यांना काय वाटले असेल, हे ट्रॉली ढकलण्याच्या घाईत कधी न सुचलेले मनात येऊन जाते. हे स्मरणरंजन नव्हे. दुसऱ्याच्या जागी जाऊन पाहण्याची ती तालीम आहे.

आणि इथेच मला आपल्या रसिकतेविषयी एक कडू गोष्ट सांगायची आहे. आपण परदेशातले मराठी प्रेक्षक नाटकाकडून हल्ली आठवण मागतो, कल्पना मागत नाही. पडदा उघडला आणि झोपाळा दिसला, तांब्याभांडे दिसले की टाळी पडते. अजून कोणी एक शब्दही बोललेले नसते! ती टाळी नाटकाला नसते, आपल्या आजोळच्या ओसरीला असते. त्यात प्रेम आहे, त्याची मी थट्टा करणार नाही. पण शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीला ती टाळी कळत नाही. तिच्याकडे ती ओसरी नाही. आपले सगळे नाटक जर आठवणीवर चालणार असेल, तर आठवण नसलेल्या माणसाला तिथे जागाच उरत नाही.

यावर कोणी म्हणेल, कल्पनेलाही भांडवल लागतेच की. ज्या मुलाने वाडा पाहिला नाही, माजघर म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही, ते मूल कल्पना तरी कशाची करणार? प्रश्न रास्त आहे. त्याला माझे उत्तर दशावतारात आहे. कोकणातल्या शेतकऱ्याने इंद्राचा दरबार कुठे पाहिला होता? स्वर्ग, पाताळ, अप्सरा यांतले त्याने काय पाहिले होते? त्याने गावच्या खोताचा रुबाब पाहिला होता, जत्रेतली रोषणाई पाहिली होती, समुद्र पाहिला होता. त्यातूनच त्याने बाकड्याभोवती इंद्रसभा उभारली. ती 'बरोबर' होती का, हा प्रश्नच गैरलागू आहे. आपल्या मुलीच्या मनातला पेशवेकालीन पुण्याचा रस्ता इथल्या एखाद्या जुन्या गावाच्या विटांचा असेल. असू द्या. नटाच्या आवाजातली भीती खरी असेल तर त्या रस्त्यावर तिलाही भीती वाटेल. भांडवल लागते ते जगण्याचे, आणि ते इथल्या मुलांपाशी आपल्याइतकेच आहे.

इथल्या मुलांना रिकाम्या रंगमंचाची सवय नाही हाही आपला गैरसमज आहे. थॉर्नटन वाइल्डरचे 'अवर टाउन' हे नाटक २२ जानेवारी १९३८ रोजी प्रिन्स्टनच्या मॅकार्टर थिएटरमध्ये प्रथम झाले आणि पुढे अमेरिकेतल्या असंख्य हायस्कुलांनी ते केले. ज्या ऑडिटोरियममध्ये आपला सोफा आणि समई येते, तशाच ऑडिटोरियममध्ये! त्यात पडदा नाही, सेट नाही. टेबले, खुर्च्या आणि दोन शिड्या. बायका नसलेल्या शेंगा सोलतात. दूधवाला नसलेल्या घोड्याला हाक मारतो आणि बाटल्यांचा किणकिणाट तेवढा ऐकू येतो. तिसऱ्या अंकात गावातली मेलेली माणसे खुर्च्यांवर शांत बसलेली असतात आणि ती स्मशानभूमी आहे हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. या प्रवेशाशेजारी सतीश आळेकरांचे १९७४ सालचे 'महानिर्वाण' ठेवून पाहा. तिथे मेलेले भाऊराव गप्प बसत नाहीत, उठून कीर्तनच लावतात. जुन्याच स्मशानात जाळून घेण्याचा हट्ट धरतात. न्यू हॅम्पशायरचा मृत शांत, पुण्याच्या चाळीतला मृत बोलघेवडा. संस्कृतीतला फरक याहून चांगला कसा समजावणार? आणि ज्या मुलाने शाळेत पहिला मृत पाहिला आहे, त्याला दुसरा ओळखायला अवघड का जावे?

आतापर्यंत कल्पनेचे मी गुणगानच केले. परंतु तिची एक काळी बाजूही आहे, आणि ती ज्या नाटकाने दाखवली त्याचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' रंगायनने १९६७ साली सादर केले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे होते आणि लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. मुंबईची एक हौशी मंडळी प्रयोगासाठी खेड्यात आलेली. रात्री त्यांचे अभिरूप न्यायालय आहे, आणि त्यात खटला चालणार आहे तो चक्क अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर, अण्वस्त्रांबद्दल. गावातल्या सामंताला कोर्ट कसे असते ते कळावे म्हणून दुपारी गंमत म्हणून एक खोटा खटला लावायचे ठरते. आरोपी बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा.

खोलीतल्या साध्या टेबल-खुर्च्या हलवल्या जातात आणि आपल्या डोळ्यांदेखत कोर्ट तयार होते. कोणी तयार केले ते? त्या पात्रांनी, आणि आपण. आपणही हसत हसत त्या टेबलाला न्यायासन मानले, शब्दकोशावर हात ठेवून घेतलेली शपथ मान्य केली. बिचाऱ्या सामंताला साक्ष द्यायला उभे केले जाते तेव्हा तो हातातल्या कादंबरीतले काहीबाही जुळवून सांगतो. सगळ्यांना ठाऊक आहे की हे कल्पित आहे. तरी ते कल्पित हळूहळू पुरावा होते. ज्याच्यामुळे बेणारेवर ही वेळ आली तो प्रोफेसर दामले संपूर्ण नाटकात एकदाही रंगमंचावर येत नाही. इतरांच्या बोलण्यातून आपणच त्याला घडवतो, आणि न आल्यामुळे तोच एकटा सुटतो. खेळ कधी संपला आणि शिकार कधी सुरू झाली हे कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो. बेणारेला निवेदनासाठी दहा सेकंद दिले जातात. सगळे गोठतात आणि तिचे दीर्घ स्वगत सुरू होते. ते त्या दहा सेकंदांत मावले असे आपण विनातक्रार मानतो, कारण ते ऐकणारे त्या खोलीत कोणीच नाही. ऐकणारे फक्त आपण. ज्यांनी कोर्ट उभारायला हात लावला तेच.

या नाटकात तेंडुलकरांनी प्रेक्षकाच्या कल्पनाशक्तीलाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले. चारचौघांत एखाद्या बाईविषयी ऐकीव तुकडे जोडून आपण तिचे चरित्र रचतो, तेव्हा हीच शक्ती वापरतो. लहान समाजात, जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात, ती अधिकच तल्लख असते. आपले मंडळ हा असाच एक लहान समाज आहे हे सांगायला नको. म्हणून हे नाटक पन्नासहून अधिक वर्षांनीही आपल्याकडे करण्याजोगे आहे. त्याला लागते काय, तर एक रिकामी खोली आणि काही खुर्च्या!

आता थोडे आपल्या प्रयोगांविषयी. आपले प्रयोग फसतात ते सेट नसल्यामुळे नव्हे. ते फसतात अर्धवट खरेपणामुळे. कार्डबोर्डाची भिंत उभी केली की प्रेक्षकाला सांगितले गेले, 'ही भिंत खरी माना, तुम्ही काही करू नका.' मग दार लागताना ती भिंत लटपटली की त्याने हसायचे नाही तर काय करायचे? भिंत नसतीच तर ती लटपटली नसती. पात्राच्या हातात खरा कप असतो आणि त्यात चहा नसतो. नट तो कप रिकाम्या कपासारखा हलवतो, बोलता बोलता उलटा धरतो, आणि प्रेक्षकाने मनात ओतलेला चहा सांडून जातो. कप नसता आणि नटाच्या बोटांना चटका बसला असता, तर वाफही दिसली असती. तेव्हा दिग्दर्शकांना माझी विनंती अशी की एकतर सगळे आणा, नाहीतर धीर करून काहीच आणू नका, आणि जो संकेत पहिल्या पाच मिनिटांत प्रेक्षकाशी ठरवला तो शेवटपर्यंत पाळा. वाचलेले पैसे आणि शनिवार तालमीला द्या. नुसत्या हाताने दार उघडायचे तर मूठ कुठे आहे, दार आत उघडते की बाहेर, हे चारही नटांनी सारखेच ठरवायला हवे. त्याला सुताराइतकीच मेहनत पडते.

उलट बाजूही मान्य केली पाहिजे. भव्यतेचा आनंद वेगळा असतो. १९८५ पासून बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या 'जाणता राजा'ने खरे घोडे आणि हत्ती रंगमंचावर आणले तेव्हा आबालवृद्धांनी ते डोळे भरून पाहिले, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण तो सोहळा आहे, त्याला साधनसंपत्ती लागते, आणि ती आपल्यापाशी नाही. जे नाही त्याची नक्कल करण्यापेक्षा जे आहे त्यावर उभे राहणे शहाणपणाचे. त्याच १९८५ साली पीटर ब्रूकने फ्रान्समध्ये, आविन्योंजवळच्या दगडाच्या खाणीत, नऊ तासांचे 'महाभारत' केले. माती, पाणी आणि आग एवढ्यावर त्याने कुरुक्षेत्र मागितले. त्या प्रयोगातल्या महाभारताच्या अर्थाविषयी आपल्याकडे पुष्कळांचे आक्षेप आहेत, ते रास्तही असतील. पण आपल्याच दशावतारी बाकड्याची रीत एक परका दिग्दर्शक जगाला दाखवतो आणि आपण कार्डबोर्ड कापत बसतो, हे काही बरे नाही.

हल्ली घरबसल्या पडद्यावर पाहिजे ते मराठी नाटक पाहता येते. सोय मोठी आहे. पण कॅमेरा आपल्यासाठी निवड करतो, कोणाकडे कधी पाहायचे ते तोच ठरवतो, आणि एका खोलीत सगळ्यांनी मिळून नसलेला घोडा पाहण्याचा अनुभव तिथे येत नाही. तो अनुभव देणे अजून आपल्या मंडळांच्या हातात आहे. येत्या वर्षी नाट्यसमिती बसेल तेव्हा संहिता निवडताना 'यात सेट काय लागेल?' या प्रश्नाऐवजी 'यात प्रेक्षकाला काय करायला मिळेल?' असा प्रश्न एकदा विचारून पाहावा. आणि मुलांना नाटकाला आणताना आधी गाडीत शब्दांचे अर्थ समजावत बसू नये. प्रयोगानंतर मात्र एवढे जरूर विचारावे: तुला ते घर कसे दिसले? त्यांनी सांगितलेले घर आपल्या घरासारखे नसेल. ते दुरुस्त करायला जाऊ नका, नीट ऐकून घ्या. त्या घरात मराठी बोलणारी माणसे राहत होती, एवढे त्यांना दिसले असेल तर नाटक पोचले.